बुधवार रात्रीचं बास्केटबॉल: होप कॉलेजचं सीझन तिकीट घ्यावं का?

आधी निकाल सांगून टाकतो, कारण हॉलंडला नव्याने आलेली आपली मंडळी दर ऑक्टोबरात मला हेच विचारतात. घ्या. डोळे झाकून घ्या. पण फक्त कॅल्विन या जुन्या वैरी कॉलेजविरुद्धच्या एका मॅचचं तिकीट काढून 'बघितलं एकदाचं' म्हणणार असाल, तर ते पैसे वाचवा आणि घरी बसा.

आता सविस्तर. मी म्हणतोय ते हॉलंड युरोपातलं नव्हे, मिशिगनमधलं. लेक मिशिगनच्या काठावर डच लोकांनी वसवलेलं गाव. मे महिन्यात ट्युलिप फुलतात, तेव्हा जग लोटतं. गाड्यांचे सुटे भाग आणि ऑफिसचं फर्निचर बनवणाऱ्या कंपन्या आसपास बऱ्याच, त्यामुळे पुण्या-नाशकाकडचे इंजिनीअर येत असतात. ट्युलिपांचे फोटो बघून ऑफर घेतलेल्या माणसाला तळ्यावरून येणारा बर्फ काय चीज आहे ते डिसेंबरात कळतं. साडेपाचला अंधार, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि नेटफ्लिक्सवर आता काहीच उरलेलं नाही. या चार महिन्यांचं करायचं काय, यावर गावात मला सापडलेलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे होप कॉलेजचं पुरुषांचं बास्केटबॉल.

माल काय मिळतो ते नीट समजून घ्या. टीव्हीवर दिसतं ते कॉलेज बास्केटबॉल हे नव्हे. मिशिगन, मिशिगन स्टेट वगैरे पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळतात. तिथे २०२५ पासून कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायलाही सुरुवात केली आहे. होप तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, एक डॉलरही नाही. देशभरात अशी चारशेच्या वर कॉलेजं आहेत, आणि ती आपापल्या भागात छोटे गट करून खेळतात. त्या गटाला म्हणायचं कॉन्फरन्स. होपच्या कॉन्फरन्सचं नाव एम.आय.ए.ए. स्थापना १८८८ची, अमेरिकेतली सगळ्यात जुनी कॉलेज कॉन्फरन्स. म्हणजे बास्केटबॉल हा खेळच जन्मला नव्हता तेव्हापासून ही दुकान थाटून बसलेली. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये आठ संघ: होप, कॅल्विन, ट्राइन, ॲल्बियन, ॲल्मा, एड्रियन, कॅलमझू आणि ऑलिव्हेट. प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकदा घरी आणि एकदा त्यांच्या दारात. चौदा साखळी सामने. त्यातले सात आपल्याला चालत जाण्याच्या अंतरावर.

चालत जाण्याचं मुद्दाम लिहिलं. डिव्होस फील्डहाउस, म्हणजे होपचं घरचं स्टेडियम, डाउनटाउनच्या पूर्वेच्या टोकाला, रेल्वे स्टेशनच्या शेजारी. आणि हॉलंडच्या डाउनटाउनचे फुटपाथ गरम असतात. खरंच. वीजकेंद्रातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवून ते रस्त्याखालच्या नळ्यांतून फिरवतात, त्यामुळे बाजूच्या गल्लीत बर्फाचे ढीग असतात तेव्हा एट्थ स्ट्रीट ओली काळी चकचकीत. १९८८पासून हे चालू आहे. गाडी लांब लावायची, त्या फुटपाथवरून कॉफी घेत यायचं. तिकिटात हे धरत नाहीत, पण मी धरतो.

फील्डहाउस २००५ साली उघडलं. साधारण साडेतीन हजार माणसं मावतात. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. याहून मोठं असतं तर खेळाडूंचे आवाज ऐकू आले नसते, आणि याहून लहान असतं तर ते शाळेचं स्नेहसंमेलन झालं असतं. कुठूनही बसा, बचाव करणारा गडी 'स्क्रीन डावीकडून!' म्हणून मागच्याला ओरडतो ते कानावर येतं (स्क्रीन म्हणजे वाट अडवायला उभा राहिलेला समोरच्या संघाचा गडी). बूट करकरतात. कोच टाइमआउटमध्ये फळीवर मार्कर आपटतो तेही ऐकू येतं. विद्यार्थ्यांचा कप्पा वेगळा, त्याला ड्यू क्रू म्हणतात. पाहुणा गडी फ्री थ्रोला उभा राहिला की ते जे काही चाळे करतात ते बघण्यासाठी माझी मुलगी येते. तिला स्कोअरशी देणंघेणं नाही.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर एक आजोबा असतात. निवृत्त शाळामास्तर. मांडीवर स्कोअरबुक, हातात पेन्सिल, आणि खिशात दुसरी पेन्सिल. समोर एवढा मोठा इलेक्ट्रॉनिक फलक असताना हे कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "फलक किती झाले ते सांगतो. कसे झाले ते मला लिहावं लागतं." आणि खरोखर, प्रत्येक बास्केटपुढे त्यांची बारीक खूण असते: बाहेरून टाकला, आत घुसून टाकला, की समोरच्याच्या चुकीतून मिळाला. मध्यंतराला ते मला वही दाखवतात. पहिल्या हाफमध्ये आपल्या सेंटरला, म्हणजे उंच गड्याला, पोस्टवर (बास्केटजवळ) बॉल मिळालाय तीनदा, बास. "आता बघ, सुरुवातीलाच त्याला देतील." आणि देतात. तिकिटाच्या किमतीत समालोचक मिळतो, तोही न ओरडणारा.

आता माझा मूळ मुद्दा. तुम्ही एका मॅचचं तिकीट विकत घेत नाही, तुम्ही कॉन्फरन्स विकत घेता. हे कळलं तर मजा आहे, नाहीतर बुधवारी रात्री ॲल्बियनशी होणारी मॅच म्हणजे अनोळखी पोरांची पळापळ.

झालं असं, की माझे बाबा मुंबईहून आले होते आणि मी त्यांना बरोबर नेलं. आम्ही आग्रीपाड्याचे. नागपाड्याचं बास्केटबॉल हे बाबांच्या तरुणपणीचं वेड. अब्बास मुंतसिर हा भारताचा कर्णधार त्याच गल्ल्यांतून आलेला, १९७०चा अर्जुन पुरस्कारवाला. त्याला खेळताना बाबांनी पाहिलंय, आणि त्यानंतर कोणाचंही बास्केटबॉल त्यांना फारसं पटलेलं नाही. तर बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून बसले होते. दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तो पाहुण्यांचा चार नंबर दर वेळी उजव्या हातानेच आत घुसतोय. याला कोणी डाव्या बाजूला ढकलत कसं नाही?"

मी म्हटलं, "बाबा, जानेवारी आहे. फेब्रुवारीत बघा."

"म्हणजे?"

"हाच संघ परत भेटणार. तोपर्यंत यांच्या कोचने टेप बघितलेली असेल."

बाबांचा मुक्काम वाढलेला होता, म्हणून परतीची मॅच त्यांनी घरी लॅपटॉपवर पाहिली. त्या चार नंबरवर बचाव करणारा गडी अर्धं पाऊल त्याच्या उजव्या हाताकडे सरकून उभा. पोराला डावीकडे जावं लागलं, आणि तिथे मदतीला दुसरा आधीच आलेला. पोरगं थांबलं, बॉल उचलला, आणि तिथेच अडकलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. घरच्या साखळीत दोनदा खेळण्याचा अर्थ हा. व्यावसायिक लीगमध्ये चार-चार, सात-सात वेळा गाठ पडते, मोठ्या कॉलेजांच्या फुगलेल्या कॉन्फरन्समध्ये अनेकांशी एकदाच. दोनदा हे प्रमाण मला सगळ्यात गोड वाटतं. पहिल्यांदा ओळख, दुसऱ्यांदा हिशोब.

कॅल्विनचं काय, असं विचाराल. हो, ते प्रकरण मोठं आहे. कॅल्विन ग्रँड रॅपिड्सला, इथून पाऊण तासावर. भांडण बास्केटबॉलच्या कितीतरी आधीचं: होप ज्या डच रिफॉर्म्ड चर्चशी जोडलेलं, त्यातून १८५७ साली एक गट फुटून बाहेर पडला आणि कॅल्विन त्या फुटलेल्या गटाचं. म्हणजे भाऊबंदकी. देव एक, देऊळ दोन. एकाच घरात नवरा होपचा, बायको कॅल्विनची अशी उदाहरणं माझ्या प्लांटमध्येच आहेत, आणि त्या आठवड्यात त्यांना एका मीटिंगमध्ये बसवू नये हे मॅनेजरलाही कळतं. १९९७मध्ये हा सामना ग्रँड रॅपिड्सच्या व्हॅन अँडेल अरीनात ठेवला होता, तर ११,४४२ माणसं आली. तिसऱ्या डिव्हिजनच्या सामन्याला! आपल्याकडे विद्यापीठाच्या आंतरकॉलेज फायनलला किती येतात ते आठवून बघा.

सोहळा म्हणून तो सामना दहापैकी दहा. पण बास्केटबॉल म्हणून? दोन्ही संघ इतके ताणलेले असतात की पहिली आठ मिनिटं नुसते रिमवर आपटलेले शॉट आणि फालतू फाउल. गर्दी उभी राहते, तुम्हीही उभे राहता, मुलगी खांद्यावर. दुसऱ्या दिवशी घसा बसतो. एवढंच बघून घरी गेलात तर तुम्हाला वाटेल तिसरी डिव्हिजन म्हणजे आवाज जास्त आणि खेळ कमी. म्हणून म्हणतो, आधी चार बुधवार करा, मग कॅल्विन.

होपवाल्यांना एक ठसठस आहे, ती माहीत असावी. कॅल्विनच्या पुरुषांनी राष्ट्रीय विजेतेपद दोनदा पटकावलं, १९९२ आणि २००० साली. होप दोनदा अंतिम फेरीत पोचलं, १९९६ आणि १९९८ला, आणि दोन्ही वेळा हरलं. ग्लेन व्हॅन वीरन या कोचने १९७७ ते २०१० अशी तेहतीस वर्षं संघ चालवला, ६६० सामने जिंकले, पण ती एक ट्रॉफी काही आली नाही. आजोबांसमोर हा विषय काढू नका. त्यावर मीठ म्हणजे ट्राइन. इंडियानातल्या अँगोला गावचं हे कॉलेज, कॉन्फरन्समध्ये आलं २००४ला. म्हणजे या १८८८च्या वाड्यात कालचे भाडेकरू. आणि २०२४मध्ये हॅम्प्डन-सिडनीला ६९-६१ हरवून राष्ट्रीय विजेते झाले, तेही फोर्ट वेनमध्ये, त्यांच्या गावापासून तासाभराच्या आत. त्या रात्री इथल्या लोकांनी आनंद मानला की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही. 'आपल्या कॉन्फरन्सचा विजय' असं सगळे म्हणाले. चेहरे मात्र वेगळं सांगत होते.

पुढच्या वर्षी कोण, हा प्रश्न मला प्लांटमध्ये विचारतात, आता इथेही लिहून ठेवतो. नावं घेऊन भाकीत करणार नाही, कारण या पातळीवर पोरं चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात आणि हल्ली चार वर्षंही थांबत नाहीत, बरा खेळणारा तिसऱ्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये बदली करून घेतो. पण मी काय बघतो ते सांगतो. ट्राइनकडे बघताना मी गुण बघतच नाही, समोरच्याने किती केले ते बघतो. त्यांचा सगळा धंदा बचावावर आहे, समोरच्याला शॉट क्लॉकच्या (शॉट घ्यायला मिळणाऱ्या वेळेच्या) तिसाव्या सेकंदापर्यंत झुलवायचं आणि वाईट शॉट घ्यायला लावायचा. असा बचाव खेळाडू बदलले तरी टिकतो, कारण तो शिकवता येतो. म्हणून ट्राइनला मी कधीच खालच्या चारांत धरत नाही. कॅल्विनकडे उंची असली की ते वर, नसली की मधे. होपचं उलट आहे. होप चालतं गार्डवर. चेंडू हाताळणारा गडी चौथ्या वर्षातला असेल तर घरचे सातही सामने जिंकण्याची भाषा करावी, नवखा असेल तर ॲल्माच्या जिममध्ये शनिवारी दुपारी दात घशात जातात. कॅलमझू कधी कोणाला पाडेल सांगता येत नाही, तीन गुणांच्या रेषेबाहेरून सुटले की सुटले. बाकीच्यांबद्दल माझं मत रोज बदलतं.

आणि नोव्हेंबर-डिसेंबर सोडू नका. लोक म्हणतात साखळी सुरू झाली की येऊ. पण त्या दोन महिन्यांत बाहेरच्या कॉन्फरन्सशी सामने होतात, विस्कॉन्सिनची सरकारी विद्यापीठं वगैरे, आणि ती या डिव्हिजनमधली दादा मंडळी. राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्सच्या बाद फेरीचा विजेता थेट जातो. साखळीत पहिले येऊन बाद फेरीत घसरलात, तर उरलेल्या मोजक्या जागांसाठी रांगेत. २०२४-२५पासून ती रांग एन.पी.आय. नावाच्या आकड्याने लागते: कोणाला हरवलं, कुठे हरवलं. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात एखाद्या तगड्या संघाला त्यांच्या गावात जाऊन हरवलेलं फेब्रुवारीच्या शेवटी कामी येतं. आजोबा त्या सामन्यांची पानं वहीत दुमडून ठेवतात.

खेळणारी पोरं हा या मालाचा खरा दर्जा. आमच्याकडे एका उन्हाळ्यात इंटर्न आलेला एक उंच पोरगा याच कॉन्फरन्समध्ये खेळायचा, कुठल्या कॉलेजात ते सोडा. त्याने सांगितलं होतं, बुधवारी दुपारी लॅब असते, ती संपवून तो थेट बसमध्ये बसायचा, दोन तास प्रवास, सामना, परत दोन तास, आणि सकाळी आठला लेक्चर. पैसे? हसला. "पालक देतात, फी." असा पोरगा सैल बॉलसाठी लाकडी फरशीवर पोटावर घसरत जातो तेव्हा ते बघायला मी तिकीट काढतो. पहिल्या डिव्हिजनचा खेळ वेगवान आहे, उड्या उंच आहेत, मान्य. पण इथे बॉल पाचही हातांतून फिरतो, कारण एकट्याने उडी मारून काम होण्यासारखं कोणीच नसतं.

तक्रारी आहेत. बाहेरगावच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण हा नशिबाचा खेळ आहे. एका यजमान कॉलेजच्या कॅमेऱ्याने मला संपूर्ण दुसरा हाफ फक्त एका बाजूची बास्केट दाखवली. समालोचकाचा आवाज चित्राच्या आधी यायचा, म्हणजे बॉल हवेत असतानाच गेला की नाही ते कळायचं. आणखी एका जुन्या जिममध्ये पाठ टेकायला काही नाही, लाकडी बाकं, बाबांना दोन उशा न्याव्या लागल्या. पंच. पंचांबद्दल जितकं कमी तितकं बरं, पण एकाच सामन्यात पहिल्या हाफमध्ये सगळं चालतं आणि दुसऱ्यात श्वास घेतला तरी शिट्टी, हे कोणत्याही जिममध्ये होऊ शकतं. शाकाहारी असाल तर कोणत्याही जिममधे पॉपकॉर्न आणि प्रेट्झेलच्या पुढे आशा धरू नका. बायको डब्यात चकली देते, ती खिशातून खावी लागते.

एक गोष्ट दुकानदार स्वतः ओरडून सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पुरुषांचा संघ बाहेरगावी असतो त्या रात्री बहुधा बायकांचा घरी असतो, आणि होपच्या बायकांचा संघ पुरुषांपेक्षा चांगला आहे. राष्ट्रीय विजेतेपदं तीन: १९९०, २००६, २०२२. २०२०मध्ये एकही सामना न हरता पुढे चालले होते, तर करोनाने स्पर्धाच गुंडाळली. आजोबा दोन्हींना येतात. त्यांच्या मते झोन (जागा वाटून घेऊन केलेला बचाव) तोडायला शिकायचं असेल तर बायकांचा सामना बघावा, आणि मला त्यात काही खोट काढता आलेली नाही.

कोणी घेऊ नये? ज्यांना मोठे फटाके, मोठे स्क्रीन, मध्यंतराला नाचगाणी हवी असतात त्यांनी. ज्यांना शनिवारी दुपारी झोप प्रिय आहे त्यांनी. बाकी सगळ्यांनी ऑक्टोबर संपायच्या आत तिकीटखिडकीला फोन करावा. जागा मागताना मधल्या रेषेसमोरची मागू नका, ती पिढ्यान्‌पिढ्या अडवलेली असते. बास्केटच्या मागे, थोडं वर, कोपऱ्याकडची मागा. तिथून स्क्रीन कुठून येतेय ते खेळाडूच्या आधी दिसतं. पाच तारे मी कोणालाच देत नाही. याला साडेचार, अर्धा त्या कॅमेऱ्यावाल्यामुळे गेला.